परड्यातली थाप

कांबळे मॅडम कुणालाही 'वारला' किंवा 'गेला' म्हणत नसत. त्यांच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर वारले, त्या दिवशी त्यांच्या घरून परत येऊन आम्ही दोघी मॅडमच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. दिल्लीहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. त्यानं मास्तरांची चौकशी केली असावी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सकाळपासून त्यांचं काही ऐकू आलेलं नाही." मग फोन ठेवला आणि गुळाचा कोरा चहा गाळायला लागल्या. मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, बाईंना धक्का बसलाय. पुढं कळलं की त्यांची बोलायची रीतच ती. मेलेली आणि परगावी गेलेली माणसं त्यांच्या बोलण्यात एकाच रांगेत बसायची. त्यांचं काही ऐकू आलेलं नाही, इतकंच त्या सांगायच्या.

मॅडम मूळच्या उचगावच्या. त्यांच्या आळीतून कायदा शिकलेली पहिली मुलगी. कोल्हापुरात वकिली जमेना म्हणून परीक्षा दिली आणि थेट दिल्लीला केंद्राच्या कायदा आणि न्याय मंत्रालयात लागल्या. सगळं आयुष्य तिथं मसुदे लिहिण्यात आणि तपासण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर परत येऊन त्यांनी कळंब्यात लहानसं घर बांधलं. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला लांबवर तुरुंगाची भिंत. दर शनिवारी त्या येईल त्याला फुकट सल्ला द्यायच्या. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती आणि आमच्या सरांनी मला त्यांच्याकडं पाठवलं, चार गोष्टी शिकशील म्हणून.

बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्याकडं झुकणारी सुती साडी आणि वर दिल्लीची लोकरी शाल. ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा शाल असायचीच. भिंतीवर एकच फोटो, देशाच्या पहिल्या कायदामंत्र्यांचा. टेबलासमोर दोन खुर्च्या येणाऱ्यांसाठी, आणि तिसरी एक थोडी बाजूला, दाराकडं तोंड करून. त्या तिसरीवर त्या कुणाला बसू देत नसत. कुणी तक्रार घेऊन आलं की सगळं ऐकून घ्यायच्या, मग त्या खुर्चीकडं बघून विचारायच्या, "आणि जो इथं नाही, त्याचं काय म्हणणं असेल?"

सवय मंत्रालयातली. त्यांच्या पहिल्या वरिष्ठांनी लावलेली. मसुद्यावर सही करायच्या आधी ते म्हातारे गृहस्थ पेन खाली ठेवून हेच विचारायचे. मॅडम सांगायच्या, "लोकांना वाटतं न्याय खातं न्याय देतं. न्याय देतं कोर्ट. खातं सरकारला सल्ला देतं, सरकारच्या वतीनं भांडतं, न्यायाधीशांच्या नेमणुकांचे कागद हलवतं, आणि शब्द देतं. शेतीवाले येणार, रेल्वेवाले येणार, आम्हाला अमुक कायदा पाहिजे म्हणणार. त्यांना काय पाहिजे ते त्यांनाच धड सांगता यायचं नाही, ते आम्ही लिहायचं. पण ज्यांच्यासाठी लिहायचो, त्यातलं एक माणूस कधी त्या खोलीत नसायचं."

त्या खात्याचा इतिहास मॅडम घरातल्या माणसांसारखा सांगायच्या. कंपनी सरकारच्या काळात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्यासाठी म्हणून एक वेगळा माणूस नेमला, तिथपासून. मग इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, एकेका दरबाराचे आपापले कायदे होते ते बाजूला झाले आणि दिल्लीचे लागू झाले. त्यात आपलं कोल्हापूरही आलं. "एका रात्रीत माणसं तीच राहिली आणि त्यांच्यावरचे शब्द बदलले," त्या म्हणायच्या. ते बोलताना आवाज खाली जायचा. सगळ्यात जास्त भ्यायच्या त्या 'मानण्यात येईल' या शब्दांना. अमुक केलं तर मालक मानण्यात येईल. तमुक झालं तर मयत मानण्यात येईल. "ह्या दोन शब्दांनी माणसं जन्मतात आणि मरतात, पोरी. लिहिताना हात धुवून बसायला पाहिजे."

दिल्लीची एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. निवृत्तीच्या जवळ आल्यावर त्यांच्याकडं जुने, निकामी झालेले कायदे वाचून काढायचं काम आलं होतं. इंग्रजांच्या वेळचे, कुणाला आठवतही नसलेले, पण रद्द कुणी केलेच नाहीत म्हणून जिवंत असलेले. रद्द करण्यासाठी पुढं पाठवण्याआधी मॅडम प्रत्येक कायदा एकदा मोठ्यानं वाचायच्या. कुणीतरी शेवटचं ऐकावं म्हणून. त्यात एक सराईंचा होता. वाटसरूंसाठी सराई कशी ठेवावी, पाणी कसं असावं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले, मॅडम एकट्या वाचत होत्या. पाण्याच्या कलमाशी आल्या आणि दारात एक माणूस उभा. डोक्याला मुंडासं, पाय धुळीनं भरलेले. त्यानं पाणी मागितलं. मॅडमनी आपला तांब्या दिला. तो सगळं पाणी प्यायला, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेला. त्या इमारतीत खाली बंदूकवाले पहारेकरी. पासाशिवाय चिटपाखरू वर येत नाही. मॅडमनी सगळीकडं विचारलं. कुणीच असा माणूस पाहिला नव्हता.

मी विचारलं, कोण असेल?

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी कायदा पुढं पाठवला. पण फार वाईट वाटलं."

हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. रंगवून सांगणं त्यांना येत नसे. म्हणूनच अंगावर काटा आला.

गल्लीतली माणसं त्यांना मानायची, पण दिवस मावळायच्या आत परत जायची. दूधवाला दूध फाटकावर अडकवून पळायचा. मला एकदा म्हणाला, "वकीलबाई, तुमी आत जाता कशा? त्या घरात कोन तर बसल्यालं असतंय की." मी हसले. पण एका शनिवारी एक म्हातारी सुनेची तक्रार घेऊन आली. तासभर सुनेचा उद्धार चालला होता. मॅडमनी नेहमीप्रमाणे खुर्चीकडं बघून विचारलं, सून इथं असती तर काय म्हणाली असती. म्हातारीनं खुर्चीकडं बघितलं. बघता बघता तिचा आवाज बसला. पदर तोंडाला लावून ती पुटपुटली, "व्हय, ती बी उपाशी हुती त्या दिवशी." आणि उठून गेली. जाताना खुर्चीला वळसा घालून गेली. तेव्हा माझं हसू जरा कमी झालं.

मंगल आली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात. उचगावचीच. सोबत तिचा दीर श्रीपती. धिप्पाड माणूस, बोलणं कोल्हापुरी खणखणीत. मंगलचा नवरा दत्तू पुष्कळ वर्षांमागं घरातून निघून गेला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा बापाबरोबर नदीवर गेला आणि बुडाला. तेराव्यानंतर दत्तू सकाळी कामाला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. आता श्रीपतीला कोर्टातून दत्तू मयत असल्याचं ठरवून घ्यायचं होतं. घर दत्तूच्या नावावर, ते नव्यानं बांधायला काढलेलं, कामं अडून राहिलेली. मंगलचंही अडलेलंच होतं. विधवा म्हणावी तर नाही, सवाष्ण म्हणावी तर हळदीकुंकवाला कुणी बोलवेना.

मॅडमनी त्यांना कायदा समजावून सांगितला. माणूस जिवंत असता तर ज्यांच्या कानावर त्याची खबर साहजिकच आली असती, अशांच्या कानावर सात वर्षं काहीच आलं नाही, तर कोर्ट तो मयत झाला असं मानतं. मग त्या मंगलकडं वळल्या. "तुझ्या कानावर काही आलंय?"

श्रीपतीनं लगेच नाही म्हणून सांगितलं. मॅडम मंगलकडंच बघत राहिल्या.

"ऐकू येतंय की," मंगल म्हणाली.

मंगलनं खाली बघत हळूहळू सांगितलं. दुपारी, गल्ली निजलेली असती तवा. घरामागच्या परड्यात, गडग्याच्या पलीकडं. तंबाखू मळून झाल्यावर तळव्यावर दोन थापा मारत्यात, तशा. तिचा नवरा तशाच मारायचा, एक जोरात आणि एक हळू. रोज नाही, पण महिन्यातनं दोनदा-तीनदा तरी.

"याड लागलंय तिला," श्रीपती म्हणाला. "भाऊ मेलाय माजा, मॅडम. समद्या गावाला ठावं हाय."

मॅडम दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर बसून उचगावला गेल्या. तीन दुपारी आम्ही मंगलच्या मागच्या सोप्यात बसलो. परड्यात एक शेवगा, भांडी घासायचा दगड, मग विटांचा कमरेच्या वर येणारा गडगा आणि त्यामागं पायवाट आणि ऊस. पहिल्या दुपारी काही झालं नाही. तिसऱ्या दुपारी मला डुलकी लागत होती, आणि मी ऐकलं. एक जोरात, एक हळू. मी उठायला लागले तर मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात गार होता. मंगल नुसती पदर सारखा करून बसली, दारात माणूस आल्यावर बाई बसते तशी. थोड्या वेळानं मी गडग्यापलीकडं डोकावून बघितलं. पायवाट रिकामी. ऊस हलत नव्हता. उचगावात तंबाखू मळणाऱ्या माणसांना काय तोटा, असं मी स्वतःला सांगितलं.

मॅडमनी दावा घेतला नाही. "तिच्या कानावर येतंय. येत नाही असं मी तिला कोर्टात सांगायला लावणार नाही," एवढंच त्या श्रीपतीला म्हणाल्या. श्रीपती रागावून गेला आणि त्यानं दुसरा वकील धरला. यथावकाश मंगल पिंजऱ्यात उभी राहिली आणि काही ऐकलं नाही म्हणाली. तिला दिराच्या रोजच्या बोलण्याचा कंटाळा आला होता. कोर्टाचं काही चुकलं नाही. पुढ्यात जे आलं, त्यावर निकाल बरोबरच होता. दत्तू मयत ठरला. बायकांनी मंगलचं कुंकू पुसलं.

महिन्याभरानं ती मॅडमकडं आली. कपाळ मोकळं. टेबलाशी उभी राहूनच म्हणाली, "बंद झालं." मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. "तुमच्या कायद्यानं खरंच मारलं की ओ त्यास्नी," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी मॅडमनी चहा केला नाही.

पुढच्या एका शनिवारी मला पोचायला उशीर झाला. आत गेले तर त्या तिसऱ्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. दाढी पांढरी, खांदे पुढं आलेले, धोतराला गुळाचा वास. मॅडमनी त्याला उठवलं नव्हतं. मी आल्यावर त्या म्हणाल्या, "हे दत्तू. उचगावचे."

तो निपाणीकडं एका गुऱ्हाळावर राबत होता, असं त्यानं सांगितलं. गूळ घेऊन गाडीबरोबर कोल्हापूरला यायचा, तेव्हा गडग्यामागं येऊन बसायचा. आत भांडी वाजली, ती बोलली, एवढं ऐकायचं आणि जायचं. पोराला आपण हातातनं सोडलं, तिला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं. मग बाजारात कुणीतरी निकालाचं सांगितलं.

"मी मेलो म्हनून कोर्टानं लिवलंय," तो म्हणाला. "मेल्यालं मानूस परड्यात बसलं तर ती भील. आता मी कुटं बसू?"

मॅडमचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी सांगितलं की कोर्टानं त्याला मारलेलं नाही, नुसतं मानलंय. मानलेलं मोडता येतं. जो जिवंत आहे त्यानं समोर यायचं आणि जिवंत आहे म्हणायचं. पण समोर यावं लागेल. शेवटी तो हो म्हणाला.

पुढच्या शनिवारी मॅडमच्या निरोपावरून मंगल आणि श्रीपती आले. दत्तू आधीच येऊन भिंतीशी उभा होता. श्रीपतीनं एकदा बघितलं, मान फिरवली आणि हा आपला भाऊ नव्हे म्हणाला. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. मंगल मात्र त्याच्या अगदी जवळ गेली. हातभर अंतरावर उभी राहून त्याचा चेहरा, हात, पाय बघत राहिली. तलावाकडून टिटवी ओरडली, तेवढाच आवाज.

"पोराचं नाव काय हुतं?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली, पण शब्द फुटला नाही. नाव घेववत नव्हतं, की ठाऊकच नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. मंगल वाट बघत राहिली. मग मागं सरली.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

त्या माणसानं तिला हात जोडले, मॅडमना जोडले आणि बाहेर पडला. मॅडम त्याच्या मागं फाटकापर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. नंतर आम्ही निपाणीकडं जाऊन त्यानं सांगितलेलं गुऱ्हाळ शोधलं. गुऱ्हाळ होतं. पण अशा वर्णनाचा, अशा नावाचा गडी तिथं कधी नव्हताच, असं मालकापासून जळण घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं.

पुढच्या वेळी मंगल आली ती कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. मी बघतच राहिले. ती नुसती बसली आणि जाताना म्हणाली, "येतील की." तेव्हापासून ती रोज दुपारी परड्यात बसायला लागली. पण गडग्यापलीकडून काही येत नव्हतं. आठवड्यामागून आठवडे गेले आणि बाई वाळत चालली. जेवण सुटलं. शेजारच्या पोरींनी हाक मारली तरी ओ देईना, कान सगळा मागं लागलेला. शेजारणी म्हणायच्या, ही आता राहत नाही. मॅडम हे ऐकून माझ्याकडं बघायच्या आणि शाल आवळून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "आम्ही त्याला समोर आणलं नसतं तर?"

आणि थंडीत एका शनिवारी मंगल आली, तेल लावून केस विंचरलेली. तोंडावर तकतकी. मॅडमच्या पायाशी फरशीवर बसली आणि म्हणाली, परत ऐकू यायला लागलंय. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या तिच्याकडं बघत नव्हत्या, भिंतीवरच्या फोटोकडं बघत होत्या.

मॅडमचा दुपारचा क्रम त्याच सुमारास बदलला. जेवण झालं की बसनं कुठंतरी जायच्या. मी विचारलं तर माहेरी, एवढंच म्हणायच्या. माहेरी त्यांचं आता कुणी नव्हतं, पण घर होतं, भावकी होती. मी जास्त खोदून विचारलं नाही. प्रकृतीही उतरत होती. चैत्रात एका पहाटे झोपेतच त्यांचं ऐकू येणं थांबलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला उचगावहून मंगल आली होती. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तरी ती कोपऱ्यात बसून होती. मी जवळ गेले. मला तिच्याकडून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि विचारायचं कसं ते सुचत नव्हतं. शेवटी विचारलं, दुपारचं ते आता कसं आहे.

"येतंय की," ती म्हणाली. "काल बी वाजली. एक जोरात, एक हळू."

मॅडम जाऊन तेव्हा सहावा दिवस होता. माझ्या हातातलं फुलांचं तबक मी खाली ठेवलं. तिथं इतक्या माणसांत मला एकटीला त्या वाक्याची भीती वाटली, त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडमना मी धडधाकट शेवटचं पाहिलं, ते त्याआधी दोन-तीन आठवडे. मी एका साक्षीदाराला भेटायला उचगावला गेले होते. दुपार टळटळीत, कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली. रस्त्यावर काम चालू होतं म्हणून स्कूटी लावून मी मागच्या पायवाटेनं निघाले. उसाच्या कडेनं वळले आणि थबकले. मंगलच्या गडग्याला पाठ लावून, एका दगडावर, शाल पांघरलेली एक म्हातारी वाकून बसली होती. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. डावा तळवा उघडा, त्यात काहीच नव्हतं. उजव्या अंगठ्यानं त्या रिकामा तळवा मळत होत्या, हळूहळू, सवय असल्यासारख्या. मग त्यांनी दोन थापा मारल्या.

आत भांडं वाजलं. मंगलचा आवाज आला, नवऱ्याशी बोलावं तसा, सहज. "चा ठिवलाय."

मॅडमनी डोळे मिटले, विटांना कान लावला आणि तशाच बसून राहिल्या. मी आल्या पावली मागं फिरले.